वही लिहिणं सोडा, वाचायला लागा

पत्र : माझ्या यजमानांचा नऱ्ह्यात फॅब्रिकेशनचा शेड आहे. ग्रिल, गेट, सोसायट्यांच्या गच्चीवरचे पत्र्याचे शेड, शिवाय चाकणच्या एका कंपनीची रॅक आणि ट्रॉल्यांची कामं. चार कामगार. गेल्या वर्षी ६२ लाखांची बिलं झाली. सासरे होते तोवर हिशेब लाल वहीत असायचा. आता तो माझ्याकडे, कारण मी बी.कॉम. आहे. दिवसभर घर, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधं; रात्री दहानंतर बिलांचा ढीग घेऊन बसते. १९ तारखेला तर दोन वाजतात, कारण २० तारखेला जीएसटीचं रिटर्न. वर्षाअखेर सगळं एका सीएंकडे देतो, ते इन्कम टॅक्सचं बघतात. मागच्या महिन्यात नोटीस आली. लोखंडाच्या एका दुकानाच्या बिलांवर आम्ही घेतलेलं ६१,२०० रुपयांचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) पोर्टलवर दिसत नाही म्हणे. हे म्हणाले, “तू नीट बघितलं नाहीस.” मी दोन दिवस बोलले नाही. एक अकाउंटंट आठवड्यातून दोनदा यायला तयार आहेत, महिना सहा हजार मागतात. यांचं म्हणणं, घरात बी.कॉम. असताना बाहेरच्याला वर्षाचे ७२ हजार कशाला, टॅक्स तर लागतच नाही, आणि आपलं घरचं गावभर होईल. एका ओळखीच्यांनी सांगितलं की कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची ठोक दराची योजना) घ्या, एक टक्क्यात सुटाल. कामं भरपूर आहेत, पण चाकणचे पैसे ९० दिवसांनी येतात आणि २५ तारखेला खात्यात खडखडाट असतो. काय करू?
— एक वाचक, धायरी
ता.क. जुन्या वह्यांनी माळा भरलाय. रद्दीत देऊ का?

उत्तर :

ताई, अकाउंटंट ठेवा. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रात प्रश्न एक असला तरी भांडणं तीन-चार आहेत आणि ती सोडवता सोडवता मूळ उत्तर हरवेल.

आधी नोटिशीचं. तुम्ही लोखंड घेतलं, बिल मिळालं, पैसे दिले. पण दुकानदाराने ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही, किंवा दाखवताना तुमच्या जीएसटी नंबरातला एखादा आकडा चुकवला, तर तुमच्या नावावर ते क्रेडिट उमटतच नाही. जानेवारी २०२२ पासून नियम सरळ आहे : जे टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टल आपोआप बनवतं त्या आपल्या खरेदीच्या यादीत, दिसेल तेवढंच घ्यायचं. हे टू-बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. आपल्या खरेदीच्या बिलांशी ते एकेक करून ताडायचं, आणि जे दिसत नाही त्यासाठी दुकानदाराच्या मागे लागायचं. १४ ते २० या सहा दिवसांचं हे काम आहे. तुम्ही ते १९ तारखेच्या रात्री एक वाजता करता. रात्री एक वाजता लोखंडवाल्याला फोन करता येत नाही, एवढीच तुमची चूक. पंधरा तारखेला सकाळी साडेअकराला कुणीतरी “शेठ, आमची दोन बिलं दिसत नाहीत, आज टाकताय ना?” असं विचारणारं हवं होतं. बी.कॉम.चा इथे संबंध नाही. मीही बीएमसीसीची बी.कॉम. आहे; लोखंडवाल्याला फोन कधी करावा हे तिथे शिकवत नव्हते.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, तुमच्या सीएंना दाखवून. दुकानदाराने ती बिलं आता दाखवली तर ज्या महिन्यात ती टू-बीमध्ये येतील त्या महिन्यात क्रेडिट पुन्हा घेता येतं. मात्र बिल ज्या आर्थिक वर्षातलं, त्याच्या पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच. मधल्या काळात ती रक्कम वापरली असेल तर ती परत भरावी लागते आणि वर १८ टक्क्यांनी व्याज. ६१,२०० वर महिन्याला ९१८ रुपये. म्हणून गप्प बसू नका. आणि इथून पुढे बाजारात बरेच जण करतात तेच करा : नव्या दुकानदाराला मालाचे पैसे द्या, जीएसटीची रक्कम बिल दिसल्यावर.

आता तुमचे यजमान म्हणतात, टॅक्स लागत नाही. या एका मुद्द्यावर ते बरोबर आहेत आणि मी त्यांना ते मोकळेपणाने देते. ६२ लाखांच्या उलाढालीवर अंदाजी पद्धतीने आठ टक्के नफा धरला तर ४ लाख ९६ हजार होतात, सगळे पैसे बँकेतून आले असतील तर सहा टक्क्यांनी ३ लाख ७२ हजार. दुसरं मोठं उत्पन्न नसेल, तर नव्या करपद्धतीत यावर काही भरायचं राहत नाही. सीए वर्षातून एकदा हे करून देतात, प्रश्न मिटला. पण ताई, आठ टक्के हा सरकारने बांधलेला ठोकताळा आहे. तुमच्या शेडमध्ये खरोखर किती सुटतं हे त्यातून कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही. २५ तारखेचा खडखडाट त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

एक काम घेऊन बघू. आकडे माझे, नमुन्यादाखल. तुम्ही तुमचे घाला. सोसायटीच्या गच्चीवरचा शेड, जीएसटी सोडून १ लाख ८० हजाराला घेतला. लोखंड आणि पत्रे ९८,०००. चार माणसं नऊ दिवस, ९०० रुपये रोजाने ३२,४००. वेल्डिंग रॉड, कटिंग व्हील, प्रायमर, रंग ११,०००. टेम्पोच्या तीन फेऱ्या ५,४००. झाले १ लाख ४६ हजार ८००. हातात राहिले ३३,२००. यजमान खूश, येताना सासूबाईंसाठी आंबा बर्फी. आता शेडचं भाडं, वीज, कर्जाचं व्याज मिळून महिन्याला ४५,००० धरा. महिन्यात २५ दिवस काम, म्हणजे दिवसाला १,८००, नऊ दिवसांचे १६,२००. राहिले १७,०००. आणि नऊ दिवस यजमान स्वतः शिडीवर होते. बाहेरचा हुशार मिस्त्री १,२०० रोज घेतो, म्हणजे १०,८००. राहिले ६,२००. त्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी “जरा पाणी गळतंय” म्हणून दोनदा बोलावलं आणि शेवटचा हप्ता पुढच्या जनरल बॉडीपर्यंत लटकला.

कुठलं काम पोसतं आणि कुठलं खातं, हे असं कामवार मांडल्याशिवाय कळत नाही. आणि रोज मांडायला जो निवांतपणा लागतो तो रात्री दहानंतर कुणाकडेच नसतो.

हे मी अनुभवाने सांगते. नारायण पेठेत आमचा छापखाना होता, २६ वर्षं. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. पहिली अकरा वर्षं हिशेब मीच लिहिला, रात्री, ओट्यावरचं आवरून झाल्यावर. मग २००५ मध्ये व्हॅट येणार म्हणून आदल्या वर्षी एक काका ठेवले. बँकेतून निवृत्त, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लाल-निळी पेन्सिल. बुधवारी आणि शनिवारी दुपारी एक ते चार यायचे. पुण्यात त्या वेळात गिऱ्हाईक येत नाही, आणि आलं तरी दार उघडलं जात नाही, त्यामुळे काम शांतपणे व्हायचं. पासबुकातली एकेक ओळ वहीत सापडली की बारीक टिक. न सापडली की पेन्सिल तिथेच टेकवून ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. तिसऱ्या महिन्यात त्यांनी विचारलं, “वहिनी, कागद शंभर रीम आला, छापून एक्क्याण्णव गेला. नऊ रीम कुठे आहेत?” मी म्हटलं, कातरण, खराब गेलेले ताव. “मग रद्दीचे पैसे कुठल्या पानावर आहेत?” रद्दीचे पैसे कुठल्याच पानावर नव्हते. ते चहा, पेट्रोल आणि पोराच्या उचलीत जात होते, वर्षानुवर्षं. तुमच्या शेडमधलं भंगार कोण विकतं, ताई? कापलेल्या लोखंडाची टोकं महिन्याला किती किलो निघतात? त्याचंही बिल करायचं असतं, त्यावर जीएसटी लागतो, ते वेगळंच.

पण काकांचा खरा हिसका पुढे बसला. वर्षभराने त्यांनी दाखवलं की लग्नपत्रिका आम्हाला तोट्यात जात होत्या. छपाईत नव्हे, प्रुफात. मामांचं नाव राहिलं, आत्याबाईंना सौ. हवं, मुहूर्त बदलला. चार-चार प्रुफं फुकट. आमच्या यजमानांचा जीव त्या पत्रिकांवर, ते आठ दिवस काकांशी बोलले नाहीत. शेवटी तिसऱ्या प्रुफापासून पैसे घ्यायचे असं ठरलं. निम्मी गिऱ्हाइकं तिसऱ्या प्रुफाआधीच मामांची नावं नीट लिहून आणू लागली.

चाकणच्या ९० दिवसांकडे येऊ. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलीय का तुम्ही? पत्रात नाही. नसेल तर याच आठवड्यात करा, ती सरकारी साइटवर फुकट होते, कुणी दोन हजार मागितले तर देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, हे २००६ च्या कायद्यातच आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ते मागायला जाऊ नका, काम जाईल. पण आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून एक पाचर बसली आहे : मुदत उलटून गेलेलं देणं जोवर प्रत्यक्ष चुकतं होत नाही, तोवर त्या कंपनीला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंट्सवाले उद्यम नंबर असलेल्यांची यादी काढून बसतात. तुमच्या बिलावर तो नंबर छापलेला असेल तर तुम्ही त्या यादीत, नसेल तर रांगेत शेवटी. बिलावर एक ओळ वाढवायची, बस. पण ती ओळ वाढवायची असते हे कुणीतरी सांगावं लागतं.

कंपोझिशन सुचवणाऱ्या गृहस्थांना चहा पाजा आणि विषय बदला. एक टक्का ऐकायला गोड आहे, पण त्या योजनेत गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही आणि लोखंडावर भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिटही मिळत नाही. चाकणच्या कंपनीला तुमच्या बिलावर क्रेडिट मिळणं बंद झालं की ती दुसरा शेड शोधेल. फक्त घरगुती गिऱ्हाईक असतं तर गोष्ट वेगळी.

तिमाही रिटर्नचा पर्याय मात्र विचारून घ्या. पाच कोटींच्या आतल्यांना थ्री-बी, म्हणजे तुमचं ते २० तारखेचं रिटर्न, तीन महिन्यांनी भरता येतं, आपल्याकडे तिमाहीनंतरच्या २२ तारखेपर्यंत. मधल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत भरायचा. कंपनीला आपली बिलं दर महिन्याला दिसावी लागतात, तर तेवढीच १३ तारखेच्या आत वेगळी चढवण्याची सोय आहे. तुम्हाला हे मानवेल की नाही ते बिलं बघून कळेल, पण तुमच्या दर महिन्याच्या १९ तारखा त्याने कमी होऊ शकतात हे आजवर कुणीच सांगितलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं. चार कामगारांचा प्रोफेशनल टॅक्सही विचारा : पगार दहा हजारांवर असेल तर पुरुष कामगाराचे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून भरायचे असतात. त्याचाही पत्रात पत्ता नाही.

आता “घरचं गावभर होईल”. शनिवारवाड्यात पेशवे स्वतः कीर्द लिहायला बसत नव्हते. त्यासाठी फडणीस होता, आणि ते काम भानूंच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या होतं. बाळाजी जनार्दन भानू म्हणजेच आपले नाना. राज्याचा जमाखर्च फडात लिहिला जात होता, तर नऱ्ह्यातल्या शेडचा लिहिला गेल्याने काही बुडत नाही. यावर यजमान म्हणतील की शेवटी नाना कारभारीच होऊन बसले! बरोबर. म्हणून किल्ल्या आपल्याकडे ठेवायच्या.

आमच्याकडे त्या गेल्या होत्या. काका थकले, आणि २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा एका सल्लागाराकडे काम दिलं. नाव सांगत नाही. त्याने नोंदणी करताना मोबाइल आणि ई-मेल स्वतःचा टाकला. “तुम्हाला ओटीपीचा त्रास नको.” पुढे बिनसलं तेव्हा आमच्याच धंद्याच्या खात्यात आम्हाला शिरता येईना. ते सोडवायला दीड महिना गेला आणि मधल्या रिटर्नची लेट फी दिवसाला पन्नास रुपयांनी चढली. तुम्ही आजच बघा, पोर्टलवर मोबाइल कुणाचा आहे. ओटीपी तुमच्या फोनवर आला पाहिजे. डिजिटल सिग्नेचर असेल तर ती तुमच्या कपाटात. कोऱ्या चेकवर सही नाही. कराचे पैसे कधीही रोख कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, चलन आपल्या खात्यातून भरायचं. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप दर महिन्याला तुमच्या पेन ड्राइव्हवर. चांगल्या माणसाला यातलं काहीही खटकत नाही. ज्याला खटकतं त्याला पहिल्याच दिवशी नमस्कार करा.

आणि अकाउंटंट म्हणजे सीए नव्हे, हे यजमानांना सांगा. सीए सही करतील, सल्ला देतील, नोटिशीला उत्तर देतील. बिलं चढवणं, बँक जुळवणं, टू-बी ताडणं, येणं बाकीसाठी फोन करणं ही त्यांच्याकडून अपेक्षाच करू नका. त्यांच्या ऑफिसातल्या शिकाऊ पोरावर ते पडतं आणि मार्चमध्ये एकदम होतं. तुम्हाला दोघंही हवेत, कमी-जास्त. सगळ्यांनाच हवेत असं नाही. वर्षाला सहा-सात लाखांचे डबे करणाऱ्या एका बाईंनी हेच विचारलं होतं, त्यांना मी एक वही आणि वेगळं बँक खातं एवढंच सांगितलं. तुमचं आता त्यापुढे गेलंय. तुमच्याकडेही क्यूआर यजमानांच्या घरखर्चाच्या खात्याचा असेल, अशी मला दाट शंका आहे. असेल तर करंट खात्याचा लावा.

तुम्ही रिकाम्या होणार नाही. पैसे हाताळणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस असू नये, आणि लिहिणारा व तपासणारा तर अजिबात नको. येणाऱ्या माणसाने दर महिन्याच्या दहा तारखेला तुम्हाला तीन कागद द्यायचे : कुणाकडून किती येणं आहे आणि किती दिवसांचं, कुणाला किती देणं आहे, आणि झालेल्या प्रत्येक कामात काय सुटलं. तुम्ही ते दिवसाउजेडी, चहा पिता पिता वाचायचे आणि लाल-निळी पेन्सिल टेकवून यजमानांकडे बघायचं. इथे तुमचं बी.कॉम. कामाला येईल.

सहा हजार जास्त वाटत असतील तर आठवड्यातून एकदा बोलवा, पण सहा महिने नेटाने चालवा. यजमानांना ७२ हजारांचा आकडा सांगू नका, ६१,२०० चा सांगा. तो त्यांना पाठ आहे. आणि “तू नीट बघितलं नाहीस” बद्दल त्यांनी अजून सॉरी म्हटलं नसेल तर हे पत्र त्यांच्या डब्याखाली ठेवा.

ता.क.चं उत्तर : जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, आणि ज्यावर नोटीस किंवा अपील चालू आहे ते निदान प्रकरण मिटल्यावर आणखी एक वर्ष. धोपट हिशेब म्हणजे आठ वर्षांच्या आतलं काही हलवू नका. त्यापलीकडची बिलं सीएंना विचारून द्या रद्दीत, आणि रद्दीचे पैसे वहीत लिहा. सासऱ्यांची लाल वही मात्र राहू द्या. तेव्हा लोखंड काय किलो होतं ते एकदा यजमानांना वाचून दाखवा, आणि लक्ष्मीपूजनाला ती टॅलीच्या लॅपटॉपशेजारी पाटावर मांडा.